पंचवीस मीटरची रेषा

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे मुलग्यांचे स्नायू हळूहळू निकामी करणारा जनुकीय आजार. त्यावरच्या औषधाची चाचणी म्हटलं की डोळ्यांसमोर सुई आणि सलाईन येतं. औषध चाललं की नाही, हे मात्र बऱ्याच चाचण्यांत ठरतं ते रुग्णालयाच्या एखाद्या लांब बोळात, जमिनीवर आखलेल्या 25 मीटरच्या रेषेवर. दोन टोकांना शंकू ठेवतात आणि मुलगा सहा मिनिटं त्यांना वळसे घालत चालतो. किती मीटर झाले, ते लिहून घेतात.

मोठ्या माणसांच्या चाचणीत तपासणारा मधूनमधून ठरावीक वाक्य बोलतो. सहा वर्षांचं पोर तेवढ्यावर चालत नाही, दुसऱ्याच मिनिटाला त्याचं लक्ष उडतं. म्हणून डुशेनसाठी नियम बदलले आहेत. मुलाला सतत हुरूप द्यायचा आणि एकानं त्याच्या मागोमाग राहायचं, कारण ही मुलं पडतात. थकलेलं मूल कमी चालतं. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट चाचणीला आणलं, तर मोजला जातो तो प्रवासाचा शीण. सुरुवातीला दोनदा चालवून आकडे जुळतात का, हे पाहतात ते यासाठीच.

खरी अडचण वेगळीच आहे. डिस्ट्रोफिन हे प्रथिन स्नायूपेशीच्या पडद्याला आतून आधार देतं. या आजारात ते नसतं, म्हणून आकुंचनाच्या ताणानं पडदा फाटत राहतो आणि स्नायूची जागा हळूहळू चरबी आणि तंतू घेतात. पण मूल वाढतही असतं, पाऊल लांब पडू लागतं. त्यामुळे आजार असूनही साधारण सातव्या वर्षापर्यंत सहा मिनिटांतलं अंतर वाढतं आणि मग घटू लागतं. पाच वर्षांचा आणि नऊ वर्षांचा मुलगा एकाच गटात घातले, तर एकाची चढण दुसऱ्याची उतरण झाकते. ड्रिसापर्सेन या औषधाच्या 186 मुलांवरच्या, 48 आठवड्यांच्या चाचणीत 2013 मध्ये औषध आणि नकली औषध यांत ठोस फरक दिसला नाही. औषध कमकुवत होतं की गट फार संमिश्र होता, हा वाद त्यानंतर बराच चालला.

म्हणून आता नॉर्थ स्टार या मोजणीवर भर असतो. तिच्यात 17 कृती असतात: खुर्चीतून उठणं, पायरी चढणं-उतरणं, टाचांवर उभं राहणं, उडी मारणं, दोन्ही पायांवर आळीपाळीनं लंगडी घालणं, 10 मीटर धावणं वगैरे. सरळ जमलं तर 2 गुण, वेगळ्या पद्धतीनं पण विनामदत जमलं तर 1, नाही जमलं तर 0. एकूण 34. मांड्यांवर हात टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत जमिनीवरून उठणाऱ्या मुलाला त्या कृतीचा 1 मिळतो. घरच्यांना हा गुण कंजूष वाटतो, पण आजार पुढे सरकल्याचं मोजमापात टिपलं जातं ते अशाच ठिकाणी.

या आजारात स्नायूंची ताकद टिकवायला दिल्या जाणाऱ्या स्टेरॉईडचा डोस चाचणीआधी काही महिने स्थिर असावा लागतो, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं हे कळत नाही. रोजचा डोस उपयोगी असतो हे 4 ते 7 वर्षांच्या 196 मुलांना तीन वर्षं तपासून दिसलं आहे: रोज घेणारी मुलं दहा दिवस घेऊन दहा दिवस थांबणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. चाचणीसाठी म्हणून गोळ्या एकदम बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं. शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे ताण पेलायला लागणारं संप्रेरक, बनवायचं विसरलेलं असतं.

रक्ताच्या अहवालात एसजीपीटी हे विकर (एन्झाइम) वाढलेलं पाहून यकृत बिघडलं असं समजण्याची चूकही होते. ते फाटक्या स्नायूतूनही येतं. यकृताचा अंदाज घ्यायला जीजीटी हे दुसरं, स्नायूतून न येणारं विकर पाहतात.

जनुक उपचाराच्या चाचणीत एक प्रश्न आधीच विचारावा. जनुक पेशींपर्यंत नेणारा विषाणू, म्हणजे विषाणूवाहक, एकदा शरीरात गेला की त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि तसाच दुसरा डोस, निदान आजच्या पद्धतीनं, देता येत नाही. म्हणजे आज भाग घेतला, तर उद्याच्या अधिक चांगल्या उपचाराची वाट बंद होऊ शकते.

चाचणीच्या संमतीपत्रावर सही आईवडिलांची असते, पण मुलालाही विचारावं लागतं. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांनुसार सातव्या वर्षापासून तोंडी आणि बाराव्या वर्षापासून लेखी होकार घेतात. सात वर्षांच्या मुलाला ‘संशोधन’ कळत नाही. ‘दर वेळी रक्त काढणार, खूप चालवणार, आणि तू नको म्हणू शकतोस’ एवढं नक्की कळतं.