काट्यावरचा आकडा व्हिडिओत गायब का होतो?

कापसाचा सीझन लागला की जळगाव-धुळ्याकडे काट्यावरच्या लाल आकड्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवणारे बरेच असतात, आणि त्या व्हिडिओत कधी कधी एखादा आकडा गायबच दिसतो. काटा बिघडलेला नसतो, त्या क्षणी तो आकडा खरंच बंद असतो!

एका आकड्यात सात एलईडी पट्ट्या आणि एक ठिपका, म्हणजे चार आकड्यांचे ३२ एलईडी झाले. असा डिस्प्ले घरी बनवायला आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घेतला, तर त्यातल्या एटमेगा३२८पी चिपला एवढ्या पिनाच नाहीत. म्हणून चारही आकड्यांच्या सारख्या पट्ट्या एकाच वायरवर जोडतात, त्या ८ वायरी, आणि प्रत्येक आकड्याची एक कॉमन पिन (त्याच्या सगळ्या पट्ट्यांची दुसरी टोकं जिथे एकत्र येतात ती) अशा ४, बास, १२ पिनांत काम होतं. मग चिप पहिला आकडा २ मिलिसेकंद लावते, विझवते, दुसरा लावते, असं सेकंदाला १२५ वेळा चक्र फिरतं. डोळ्याला कळत नाही, कॅमेरा पकडतो.

वेगळी ड्रायव्हर आयसी (डिस्प्ले चालवणारी चिप) न लावता हे जमतं, पण करंटचा हिशोब आधी कागदावर करा. ५ व्होल्टमधले साधारण २ व्होल्ट लाल एलईडीच खातो, उरलेल्या ३ व्होल्टला ३३० ओहमचा रेझिस्टर लावला तर पट्टीमागे ९ मिलिअँपिअर. '१' लावला तर दोनच पट्ट्या, १८ मिलिअँपिअर, काहीच त्रास नाही. पण ठिपक्यासकट '८' आला की कॉमन पिनवर एकदम ७२, आणि पिनची कमाल मर्यादा ४०! म्हणून थेट जोडायचं असेल तर १ के (१००० ओहम) चा रेझिस्टर घ्या, सगळं मिळून २४ च्या आसपास राहतं, घरात वाचायला तेवढा उजेड पुरतो. आपल्याकडच्या उन्हात वाचायचं असेल तर मात्र ३३० च ठेवा आणि प्रत्येक कॉमन कॅथोडखाली (आकड्याची निगेटिव्हकडची कॉमन पिन) बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाका, म्हणजे जास्तीचा करंट चिपच्या पिनऐवजी त्यातून जातो.

रेझिस्टर प्रत्येक पट्टीच्या वायरला वेगळा हवा. कॉमनला एकच लावून पैसे वाचवले तर तोच करंट '१' मधे दोघांत आणि '८' मधे सातांत वाटला जातो, मग '१' झगमगतो नि '८' मलूल. आणि आकडा बदलताना आधी सगळं विझवा, नाहीतर शेजारच्या आकड्याची पुसट सावली दिसते.

रावेर-यावलकडे केळी पिकवायच्या खोलीसाठी (रायपनिंग चेंबर) कोणी असा टेम्परेचर मीटर बनवत असेल तर डिस्प्लेचं काम टायमर इंटरप्टवरच ठेवा, म्हणजे चिपमधलं घड्याळ ठरल्या वेळी मुख्य प्रोग्राम थांबवून ते करून घेतं. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरला १२ बिटचं (सगळ्यात बारीक) रीडिंग द्यायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, प्रोग्राम तिथे थांबून राहिला की एकच आकडा पेटलेला राहतो आणि बाकीचे तीन अंधारात.