कोबीवर्गीय भाज्या

कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली, ब्रुसेल्स स्प्राउट्स आणि केल या दिसायला एकमेकींशी काहीच नाते नसलेल्या भाज्या वस्तुतः ब्रॅसिका ओलेरॅसिया या एकाच वनस्पतिजातीची रूपे आहेत. कोबीचा गड्डा म्हणजे शेंड्याची न उमललेली, एकमेकींवर घट्ट दुमडलेली पाने. नवलकोल म्हणजे जमिनीच्या वर फुगलेले खोड. फुलकोबीचा पांढरा कंद म्हणजे पूर्ण न वाढलेला फुलोरा. ब्रोकोली म्हणजे हिरव्या कळ्यांचे घोस आणि ब्रुसेल्स स्प्राउट्स म्हणजे खोडावर पानांच्या बेचक्यांत धरलेल्या सुपारीएवढ्या कळ्या. केलमध्ये यांपैकी काहीच फुगत नाही, तिची मोकळी पानेच खातात, आणि म्हणून मूळ रानटी झाडाच्या ती सर्वांत जवळची दिसते. माणसाने एका झाडाचा एकेक अवयव निवडून, तो शतकानुशतके वाढवत नेऊन इतक्या वेगवेगळ्या भाज्या घडवल्याचे इतके स्पष्ट उदाहरण शेतीत क्वचितच सापडते.

मराठीतील ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे मानले जाते. त्याच्या मुळाशी खोड किंवा देठ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ‘नवलकोल’ या शब्दात ‘नवल’ ऐकू येत असले तरी तो डच नावाचा अपभ्रंश असून मूळ नावाचा अर्थ ‘गाठीचा कोबी’ असा आहे. फुलकोबीला नाशिकच्या शेतात, बाजारात आणि स्वयंपाकघरात सरसकट फ्लॉवर म्हणतात. ‘फुलकोबी’ हा शब्द आता बियाण्याच्या पाकिटावर आणि कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत उरला आहे.

या भाज्या मोहरीच्या कुलातील आहेत. या कुलाच्या फुलाला चार पाकळ्या असतात आणि त्या फुलीच्या आकारात बसतात. मोहरी, मुळा आणि बाळंतिणीच्या लाडवांत घालतात ते हळीव ही याच कुलातील असल्यामुळे कोबी परदेशी असला, तरी त्याचे भाऊबंद मराठी घरात त्याच्या आधीपासून नांदत होते. कोरियन-जपानी शास्त्रज्ञ वू जांग-चुन यांनी १९३५ साली दाखवून दिले, की शेतीतील मोहरीसारख्या काही जाती दोन मूळ जातींच्या नैसर्गिक संकरातून जन्मल्या आहेत. कोबी ही त्या मूळ जातींपैकी एक असून तिच्यात गुणसूत्रांच्या ९ जोड्या असतात. उलटपक्षी बाजारात कोबीशेजारी मांडलेला लेट्यूस सूर्यफुलाच्या कुलातला आहे, आणि पालक व मेथी यांचाही कोबीशी संबंध नाही. लांबट, सैल गड्ड्याचा चायना कोबी ब्रॅसिका या याच प्रजातीतला असला तरी जातीने सलगमच्या जवळचा आहे.

मूलस्थान व प्रसार : अटलांटिक किनाऱ्यावरील इंग्लंड, फ्रान्स व स्पेनच्या कड्यांवर रानटी कोबी आजही उगवतो, त्यामुळे तोच मूळ पूर्वज असावा असे दीर्घकाळ मानले जात होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र लागवडीच्या कोबीचे सर्वांत जवळचे नाते एजियन समुद्राच्या परिसरातील ब्रॅसिका क्रेटिका या जातीशी जोडले आणि मूलस्थान पूर्व भूमध्य प्रदेशाकडे सरकवले. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने कुरळ्या पानांचा, गुळगुळीत पानांचा व रानटी असे तीन प्रकार नोंदवले आहेत, तर इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील रोमन लेखक केटो याने कोबीला सर्व भाज्यांत श्रेष्ठ ठरवून त्याचे औषधी उपयोग तपशिलाने सांगितले आहेत. हे सारे कोबी मोकळ्या पानांचे असावेत. घट्ट गड्ड्याचा कोबी मध्ययुगात उत्तर युरोपच्या थंड हवेत रुळला. समुद्रकिनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात तगण्यासाठी या झाडाच्या पानावर मेणाचा थर आला असावा. कोबीच्या पानावर पडलेला पाण्याचा थेंब न पसरता मोत्यासारखा घरंगळतो तो या थरामुळेच, आणि फवारणीच्या द्रावणात चिकटद्रव्य मिसळावे लागते तेही त्यामुळेच.

भारतात कोबी पोर्तुगिजांबरोबर आला असावा. फुलकोबीचे बी १८२२ साली इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पती उद्यानातून उत्तर भारतातील सहारनपूरच्या कंपनी बागेत आले, अशी नोंद आहे. त्यानंतरच्या शतकभरात जे घडले ते या भाजीच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण म्हटले पाहिजे. थंड हवेच्या त्या झाडांतून उत्तर भारतातील शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तगलेली झाडे बियाण्यासाठी राखली आणि उष्ण, दमट हवेतही कंद धरणारी स्वतंत्र भारतीय फुलकोबी निर्माण केली. तिच्या गटांना नावेही महिन्यांवरून पडली : कुंवारी, कार्तिकी, अगहनी, पौषी. आज नाशिकला पावसाळ्यात निघणारा फ्लॉवर या निवडीचा वारसा सांगतो.

नाशिक परिसरातील लागवड : नाशिक जिल्हा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या पठारावर असून पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे मुसळधार, तर पूर्वेला निफाड-येवल्याकडे अगदी बेताचा पाऊस पडतो. कोबीचा गड्डा उत्तम भरण्यासाठी १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान लागते. निफाडचा पारा हिवाळ्यात कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागायतदाराला धडकी भरवणारी ही थंडी कोबीला मात्र मानवते. द्राक्ष आणि कांद्याच्या या जिल्ह्यात कोबी-फ्लॉवरला मानाचे पान नसले, तरी अडीच-तीन महिन्यांत हाती पैसा देणारे पीक म्हणून खरीप, रांगडा (म्हणजे उशिराचा खरीप) व रब्बी या तिन्ही हंगामांत ते घेतले जाते.

पूर्वी रोपे गादीवाफ्यावर टाकत व चार-पाच आठवड्यांनी उपटून लावत. आता बहुतेक शेतकरी रोपवाटिकेत कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या ट्रेमध्ये वाढवलेली तीन-साडेतीन आठवड्यांची रोपे विकत आणतात. मुळांना धक्का बसत नसल्याने मर कमी होते आणि नांग्या भरण्याचे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचे, काम वाचते. मध्यम काळी, निचऱ्याची जमीन, हेक्टरी २० टनांच्या आसपास चांगले कुजलेले शेणखत, वाणाप्रमाणे ४५ × ३० किंवा ४५ × ४५ सेंटिमीटर अंतर आणि ठिबकने थोडे थोडे पण न चुकता पाणी, ही या पिकाची मुख्य गरज आहे. पाण्यात खंड पडून एकदम भरपूर पाणी दिले, की आतली पाने वेगाने वाढतात, बाहेरच्या पानांना ताण सोसत नाही आणि भरलेला गड्डा फुटतो. काढणी लांबवल्यासही हेच होते. म्हणून जाणता शेतकरी गड्डा नजरेने न जोखता तळव्याने दाबून पाहतो. बोट आत जात नसेल तर बाहेरची दोन-तीन हिरवी पाने ठेवून विळ्याने बुडखा कापतो. ती पाने वाहतुकीत गड्ड्याला खरचटण्यापासून वाचवतात. गोल्डन एकर व प्राइड ऑफ इंडिया हे गोल गड्ड्याचे, तर पुसा ड्रमहेड हा चपट्या मोठ्या गड्ड्याचा जुना प्रसिद्ध वाण आहे. अशा सुधारित वाणांपासून हेक्टरी २० ते ३० टन उत्पादन मिळते. बाजारासाठीची बहुतेक लागवड आता संकरित वाणांची असते.

फ्लॉवरचे गणित याहून नाजूक आहे, कारण त्याचा प्रत्येक वाण विशिष्ट तापमानालाच कंद धरतो. थंडीचा स्नोबॉल गटातला वाण उन्हात लावला तर झाड पानेच काढत राहते. उलट पुसा दीपालीसारखा लवकरचा वाण उशिरा, थंडीत लावला तर झाड लहान असतानाच बटणाएवढा कंद येऊन थांबते. यात शेतकऱ्याची मेहनत कमी पडलेली नसते, बियाणे चुकीच्या महिन्यात पडलेले असते. बियाणे विकणाऱ्याने पाकिटाबरोबर लावणीचा पंधरवडा सांगितलाच पाहिजे असे प्रस्तुत लेखकाला वाटते, कारण ही चूक लक्षात येईपर्यंत हंगाम गेलेला असतो. कंद लिंबाएवढा झाला, की झाडाचेच एक पान देठाशी मोडून, सबंध न तोडता, त्यावर आडवे घालतात. ऊन लागलेला कंद पिवळा पडतो आणि लिलावात त्याचा भाव उतरतो. जमिनीत बोरॉन कमी असेल तर कंदावर तपकिरी डाग पडतात व देठ आतून पोकळ निघतो. अशा वेळी बोरॅक्स द्यावे लागते.

कीडरोगांत चौकोनी ठिपक्याचा पतंग हा या पिकाचा मुख्य शत्रू आहे. पान उलटे केले की त्याची बारीक हिरवी अळी दिसते. बोट लावताच ती वळवळत मागे सरते आणि रेशमासारख्या धाग्याला लोंबकळते. लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून वरचा पापुद्रा तसाच ठेवतात, त्यामुळे पानाला काच बसवल्यासारखे दिसते. कीटकनाशकांना दाद न देण्याची या किडीची ख्याती जुनी आहे : १९५३ साली जावामध्ये तिने डीडीटी पचवल्याचे आढळले, आणि शेतात बीटी या अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या फवाऱ्याला प्रतिकारक झालेली पहिली कीडही हीच. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारणे म्हणूनच या पिकात घातक ठरते. त्याऐवजी कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घेण्याची शिफारस आहे. मोहरीची पहिली ओळ कोबीच्या आधी १५ दिवस पेरतात, म्हणजे पतंग अंडी घालायला तिच्याकडे वळतात आणि फवारणी त्या ओळींपुरती ठेवता येते. पानाच्या कडेपासून इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग आत सरकू लागला आणि शिरा काळ्या पडल्या, तर तो घाण्या रोग समजावा. तो जिवाणूजन्य असून बियाण्यातून पसरतो, त्यामुळे बीजप्रक्रिया आणि पिकाची फेरपालट यांना पर्याय नाही.

काढलेला माल नाशिकच्या बाजार समितीत लिलावाला येतो आणि त्याचा मोठा हिस्सा रातोरात मुंबईला जातो. कोबी कांद्यासारखा चाळीत साठवता येत नाही. आवक वाढून भाव कोसळला, की काढणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटत नाही, आणि मग शेतकरी उभ्या पिकात मेंढ्या सोडतो किंवा रोटाव्हेटर फिरवतो. भारत या भाज्यांच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल जगात दुसरा असताना त्या पिकवणाऱ्यावर ही वेळ वारंवार यावी, ही खेदाची गोष्ट आहे.

आहार : कच्च्या कोबीत सुमारे ९२ टक्के पाणी असून १०० ग्रॅममध्ये ३५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. आंबवलेला कोबी जहाजावर टिकत असल्याने कॅप्टन कुक याने १७६८ च्या सफरीत स्कर्व्ही या क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगापासून बचावासाठी तो बरोबर नेला होता. कोबी जास्त शिजला की त्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे उग्र वास सुटतो. म्हणून हरभऱ्याची भिजवलेली डाळ घालून केलेली परतून भाजी आणि दाण्याच्या कुटाची कच्ची पचडी या दोन्ही पद्धती त्याला अधिक न्याय देतात. जैन आणि इतरही अनेक घरांत, पानांत-तुऱ्यांत अळ्या दडतात म्हणून, चातुर्मासात कोबी-फ्लॉवर वर्ज्य असतो.

बीजोत्पादन : कोबी द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी तो गड्डा धरतो आणि नंतर सहा-आठ आठवडे ४ ते ७ अंशांची सलग थंडी मिळाली तरच दुसऱ्या वर्षी फुलतो. नाशिकची कडाक्याची रात्रही दुपारपर्यंत ओसरत असल्याने ही अट येथे सहसा पुरी होत नाही. म्हणून कोबीचे बी हिमाचलातील कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात तयार करतात, आणि घरचे बियाणे धरण्याची कांद्यात सर्रास असलेली रीत कोबीत चालत नाही. तिकडे ठेवलेल्या गड्ड्याला वरून फुलीसारखी चीर देतात, तीतून दांडा बाहेर पडतो आणि त्यावर मोहरीच्या फुलांसारखीच, पण आकाराने मोठी आणि रंगाने फिकट पिवळी फुले येतात.