महाग डॉकचे पैसे नेमके कुठे जातात?

हब किंवा डॉक म्हणजे लॅपटॉपच्या एका टाइप-सी पोर्टला लावून अनेक पोर्ट देणारा डबा. दीड-दोन हजारांचा टाइप-सी हब घ्या किंवा वीस-पंचवीस हजारांचा थंडरबोल्ट डॉक, दोन्हींवर एचडीएमआय, यूएसबी, लॅन असेच पोर्ट दिसतात. त्यामुळे महाग डॉक म्हणजे लूट, असं अनेकांना वाटतं. खरा फरक आहे तो लॅपटॉपकडे जाणाऱ्या एकुलत्या केबलमध्ये.

टाइप-सीमध्ये वेगवान डेटासाठी तारांच्या चार जोड्या असतात. त्यांना लेन म्हणूया. साधा हब दोन लेन यूएसबीला देतो, दोन मॉनिटरला. मॉनिटरच्या लेनवरून चित्र डिस्प्लेपोर्ट नावाच्या पद्धतीनं जातं. तिच्या 1.2 आवृत्तीत एका लेनचा वेग सेकंदाला 5.4 गिगाबिट, पण दर 10 बिटांतले 8च चित्राचे. म्हणजे दोन लेन मिळून हाती 8.64. आता 4के चित्राचे 3840 × 2160 ठिपके, प्रत्येकी 24 बिट, सेकंदाला 60 वेळा पाठवायचे, तर 11.94 गिगाबिट झाले; दोन चित्रांमधला रिकामा वेळ धरला की साडेबाराच्या पुढे. मावतच नाही! म्हणून मॉनिटर 30 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 30 चित्रांवर उतरतो आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. चारही लेन मॉनिटरला दिल्या तर 60 हर्ट्झ मिळतात, पण यूएसबी 480 मेगाबिटांवर येतं. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट 1.4 चे असतील, तर दोन लेनमध्ये 12.96 गिगाबिट मिळतात आणि 4के 60 जेमतेम बसतं.

थंडरबोल्ट 3 आणि थंडरबोल्ट 4 या टाइप-सी पोर्टवरच चालणाऱ्या वेगवान पद्धती लेनची अशी वाटणी करत नाहीत. चित्र आणि डेटा यांची पाकिटं करून 40 गिगाबिटांच्या एकाच प्रवाहात सोडतात. दोन 4के मॉनिटर आणि वेगवान एसएसडी एकदम चालवायची असेल, तर हे पैसे सार्थकी लागतात. लॅपटॉपचा पोर्टच थंडरबोल्ट किंवा यूएसबी4 (त्याच धर्तीची नवी यूएसबी) नसेल, तर मात्र वाया.

साध्या एम1, एम2 चिपचं मॅकबुक एअर थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालवतं; कितीही महाग डॉक लावा, दुसरा मिळत नाही. तिथे डिस्प्लेलिंकचा डॉक हवा. तो प्रोसेसरकडून चित्र दाबून घेऊन यूएसबीवरून पाठवतो, त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो.

सोन्याच्या मुलाम्याला भुलू नका. त्यानं गंज टळतो, वेग वाढत नाही. केबलवर मात्र लक्ष द्या: 60 वॉटच्या वर चार्जिंग हवं असेल तर 5 अँपिअरची, आत ओळखचिप असलेलीच लागते. हब स्वतःसाठीही 10-15 वॉट राखतो, त्यामुळे 65 वॉटच्या चार्जरमधून लॅपटॉपला पन्नासेक मिळतात. वायरलेस माउस अडखळत असेल, तर त्याचा रिसीव्हर यूएसबी 3 च्या पोर्टपासून लांब, एक्स्टेन्शन केबलवर लावा; त्या पोर्टचा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो.