पार्श्वभूमी : तांबडं फुटवणारा कोंबडा

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. जपानी पुराणकथा याच्या अगदी उलट. सूर्यदेवी अमातेरासू भावाच्या दांडगाईला कंटाळून गुहेत जाऊन बसली आणि जगभर काळोख झाला. तिला बाहेर काढायला देवांनी लांब आरवणारे कोंबडे जमवले आणि त्यांना आरवायला लावलं. ही कथा इ.स. 712 च्या ‘कोजिकी’ या जुन्या जपानी ग्रंथात आहे. त्या कोंबड्यांशी आजच्या जातींचं नातं जोडायच्या भानगडीत पडू नये, पण लांब बांगेचं कौतुक तिकडे किती जुनं, हे यावरून कळतं.

आज जपानात अशा तीन जाती प्रसिद्ध आहेत. शिकोकू बेटावरच्या कोचीचा तोतेन्को उंच, स्वच्छ आवाजाचा. ईशान्येकडचा कोएयोशी खर्जातला, आणि निईगाताचा काळा तोमारू या दोघांच्या मधला. तोतेन्को म्हणजे ‘पूर्वेचं आभाळ लाल’, आपल्या भाषेत तांबडं फुटलं! त्याची बांगही जपानी कानांना ‘तो-तेन-को’ अशीच ऐकू येते. साध्या कोंबड्याचं कुकूच्कू दोन-तीन सेकंदांत आटोपतं. हा मात्र मान ताणून, चोच उघडी ठेवून एका दमात पंधरा सेकंद ओढतो. चांगला नर वीस सेकंदही ओलांडतो, आणि शेवटी आवाज बारीक होत होत छातीतली हवाच संपते.

तोमारूच्या नावाने मात्र एक भलतीच वस्तू ओळखली जाई. त्याला ठेवायच्या घुमटाकार बांबूच्या डालग्यासारखीच पिंजरावजा टोपली एदो काळात (1603–1868) कैद्यांना वाहून न्यायला वापरत. तिला ‘तोमारू-कागो’ म्हणत, म्हणजे सरळ कोंबड्याचं डालगं.

आवाजासाठी निवडत आणलेल्या पक्ष्याला अंड्या-मांसाच्या बाजारात कोण विचारतो? म्हणून संरक्षणाची वेळ आली. 1919 च्या कायद्याखाली तोतेन्को 1936 मध्ये, कोएयोशी 1937 मध्ये आणि तोमारू 1939 मध्ये ‘नैसर्गिक वारसा’ ठरले. पाठोपाठ महायुद्ध आलं. माणसांनाच धान्य पुरेना, तिथे नुसत्या आवाजासाठी कोंबडे कोण पोसणार? हौशी पाळणाऱ्यांनी ते कसेबसे टिकवले.

गुहेची ती कथा अजून विधीत आहे. इसे येथील अमातेरासूचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. 2013 मध्येही देवीला रात्रीच्या अंधारात नव्या देवळात हलवण्याआधी पुरोहिताने कोंबड्यासारखी तीनदा बांग दिली.