शिक्का बसला, लस रुजली नाही

१५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत कोविडच्या लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांना लोकलचा पास पुन्हा मिळू लागला. स्टेशनाबाहेरच्या मदतकक्षात पालिकेचे कर्मचारी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र ताडून शिक्का मारत, आणि तो दाखवला की खिडकीवर महिन्याचा पास मिळे. शिक्का सर्वांना सारखाच होता. त्याआधी तीन महिने, मे २०२१ मध्ये, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. तिथल्या एमआरएनए प्रकारच्या कोविड लशीच्या दोन मात्रांनंतरही त्यांपैकी ५४ टक्के लोकांच्याच रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, सापडल्या होत्या. आपल्याकडच्या लशी वेगळ्या होत्या हे खरे. पण प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर घ्यावी लागणारी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे इथेही तीच आहेत.

टोचून घेतले म्हणजे सुटलो, हा समज मुंबईत जुना आहे, आणि त्याला आधारही आहे. देवीची लस भारतात प्रथम टोचली गेली ती याच शहरात, १४ जून १८०२ रोजी, एका तीन वर्षांच्या मुलीला. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवल्यावर जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नवी लस स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस घेतलेल्यांत प्लेग बराच कमी आढळला, तरी अजिबात आढळला नाही असे नाही. त्या काळी हिशेब डोक्यांचा होता: किती जणांना टोचले, किती आजारी पडले, किती दगावले. एकाच्या अंगात लस रुजते आणि दुसऱ्याच्या का रुजत नाही, हे पाहण्याचे साधनच हाताशी नव्हते.

ते साधन कामी आले १९५२ मध्ये. ऑग्डेन ब्रुटन हे अमेरिकी लष्करी डॉक्टर आठ वर्षांच्या एका मुलावर उपचार करत होते. त्याला चार वर्षांत एकोणीस वेळा गंभीर जंतुसंसर्ग झाला होता, बऱ्याचदा न्यूमोकोकस या जंतूचाच. ब्रुटन यांनी त्याला त्याच जंतूविरुद्धची लस देऊन पाहिली, पण प्रतिपिंडे तयार झाली नाहीत. मग त्यांनी रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करून पाहिली, तेव्हा गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे प्रतिपिंडे ज्यात असतात तो भागच गायब असल्याचे दिसले. प्रतिकारशक्तीच्या दोषांचा अभ्यास करणाऱ्या वैद्यकाच्या शाखेचा जन्म वाया गेलेल्या लशीतून झाला, असे म्हणायला हरकत नाही. दर महिन्याला त्वचेखाली गॅमा ग्लोब्युलिन टोचू लागल्यावर मुलाचे आजारपण थांबले. या दोषामागचे जनुक सापडायला मात्र १९९३ साल उजाडले.

जन्मजात दोष असलेले लोक थोडेच. पुढे वैद्यकानेच अशा माणसांची संख्या वाढवली, अर्थात त्यांचा जीव वाचवण्यासाठी. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आली. १९९७ पासून वापरात असलेले रिटक्सिमॅब हे कर्करोगावरचे औषध तर प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशींची पूर्वज फळीच काढून टाकते, आणि त्यानंतर निदान सहा महिने लशीला प्रतिसाद क्षीण असतो. म्हणून शक्य तेथे लस आधी आणि औषध नंतर, असा क्रम डॉक्टर लावतात.

या माणसांची सर्वांत मोठी गर्दी मुंबईत परळलाच भेटते. टाटा रुग्णालय, केईएम आणि हाफकिन संस्था तिथे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेल्या आणि आज केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय संस्थेत जन्मजात प्रतिकारशक्तीदोषांचे निदान होते. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे, चढवण्याच्या दिवशी फ्रिजमधून काढलेली बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. मग चार-पाच तास ती थेंबाथेंबाने चढते. सुरुवातीला अगदी सावकाश, मधूनमधून ताप आणि रक्तदाब तपासत. पन्नास किलो वजनाच्या माणसाला पाच ग्रॅमच्या चार ते सहा बाटल्या लागतात, आणि या प्रतिपिंडांचे प्रमाण तीन आठवड्यांत निम्म्यावर येत असल्याने पुढच्या महिन्यात पुन्हा तोच खर्च. बाटलीतला ऐवज हजारो दात्यांच्या प्लाझ्माचा. त्या दात्यांना तोवर कोविड झालेला नसल्याने साथीच्या पहिल्या महिन्यांत त्यात कोविडविरुद्ध काहीच नव्हते. प्रयोगशाळेत घडवलेली दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये आली, पण विषाणू बदलल्याने जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा वापर थांबवावा लागला.

काही लशी निरुपयोगी ठरून थांबत नाहीत, त्या घातकही ठरतात. जन्मतःच दिली जाणारी क्षयरोगाविरुद्धची बीसीजी लस जिवंत जंतूंची असते. प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या बाळाच्या अंगात तेच जंतू पसरतात, आणि दोषाचे निदान अनेकदा त्यानंतरच होते. पोलिओच्या थेंबांतला जिवंत विषाणू अशा मुलाच्या आतड्यात महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणून त्याच्या भावंडांनाही थेंबांऐवजी इंजेक्शन द्यावे, असा सल्ला दिला जातो. पल्स पोलिओच्या रविवारनंतर पथके घरोघर फिरतात. सगळ्या मुलांना थेंब मिळालेल्या दारावर खडूने ‘पी’ लिहितात. डॉक्टरांचे ऐकून थेंब न घेतलेल्या या घराच्या वाट्याला ‘एक्स’ येतो.