ग्रहणमोहीम

ग्रहणमोहीम : खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी उपकरणे घेऊन दूरच्या ठिकाणी केलेला अभ्यासप्रवास. चंद्राची गडद छाया पृथ्वीवरून एका अरुंद पट्ट्यात सरकते. पंचांगात ज्यांना संमीलन (सूर्यबिंब पूर्ण झाकले जाण्याचा क्षण) आणि उन्मीलन (ते पुन्हा दिसू लागण्याचा क्षण) म्हणतात, त्यांच्यामधला काळ फार तर साडेसात मिनिटांचा असतो. बहुतेक ग्रहणांत तो दोन-चार मिनिटांतच आटोपतो. एकाच गावाला असा योग सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा लाभतो. त्यामुळे ज्याला ग्रहण अभ्यासायचे त्याला छायेच्या वाटेवर जाऊन उभे राहणे भाग असते. ढग आले तर वर्षभराची तयारी वाया जाते, हे ठाऊक असूनही निरीक्षक निघत आले आहेत.

आरंभ : पहिली ग्रहणमोहीम कोणती, याबाबत एकमत नाही. एडमंड हॅली यांनी १७१५ च्या ग्रहणाचा छायापट्टा आधीच नकाशावर आखून इंग्लंडभरच्या लोकांकडून वेळा नोंदवून घेतल्या. तथापि तो प्रवास नव्हे. खास ग्रहणासाठी उपकरणांसह केलेल्या जुन्या प्रवासांत हार्वर्डचे सॅम्युएल विल्यम्स यांचा १७८० मधील प्रवास बहुधा सर्वांत ठळक होय. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना शत्रूच्या ताब्यातील पेनॉब्स्कॉट उपसागरात त्यांनी परवानगी काढून तळ ठोकला. मात्र जागा खग्रास पट्ट्याच्या किंचित बाहेर पडली आणि सूर्याची बारीक कोर शिल्लक राहिली.

एकोणिसाव्या शतकात छायाचित्रण आणि वर्णपटदर्शक (प्रकाशाची रंगांत फोड करून त्यातील रेषा दाखवणारे उपकरण) हाती आल्यावर मोहिमांचे स्वरूप पालटले. किरीटाचे (सूर्याभोवतीच्या फिकट तेजोमय बाह्य वातावरणाचे) पहिले समाधानकारक छायाचित्र १८५१ मध्ये कोनिग्सबर्ग येथे घेतले गेले. सूर्यकडेवर ज्वाळांसारखी दिसणारी लालसर तेजःशृंगे चंद्राची नसून सूर्याचीच आहेत, हे १८६० च्या स्पेनमधील छायाचित्रांवरून ठरले. ती कशाची बनलेली आहेत, हा प्रश्न पुढच्या मोठ्या ग्रहणावर राहिला.

१८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण आणि हीलियम : या ग्रहणाचा पट्टा भारतीय द्वीपकल्प पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडून गेला. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रेंच निरीक्षक झूल जान्सेन, तर मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन अशी निरनिराळी ठाणी होती. जमखिंडीत ढगांची ये-जा चालू होती. मिळालेल्या फटीतून हर्शेल यांनी तेजःशृंगावर दुर्बीण रोखली, तेव्हा त्यांना लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या. अखंड वर्णपटाऐवजी सुट्या रेषा दिसल्याने तेजःशृंगे तप्त वायूंची आहेत हे एका झटक्यात सिद्ध झाले. सर्व ठाण्यांचा निष्कर्ष या मुद्द्यावर जुळतो.

वाद आहे तो मधल्या नारिंगी-पिवळट रेषेचा. सोडियमच्या ‘डी’ नावाच्या पिवळ्या रेषांची जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर असते. तेव्हा अज्ञात असलेल्या हीलियमची रेषा ५८७.६ वर. त्या काळच्या प्रवासी वर्णपटदर्शकातून एवढे अंतर घाईच्या मिनिटांत ओळखणे कठीणच होते आणि निरीक्षकांपैकी बहुतेकांनी ती रेषा सोडियमची किंवा तिच्या लगतची मानली. ती डीशी तंतोतंत जुळत नसावी अशी शंका पॉगसन यांच्या टिपणांत दिसते, असे काही अभ्यासक मानतात. जान्सेन यांचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. रेषांची प्रखरता पाहून त्या ग्रहणाविनाही दिसतील असे त्यांनी ताडले आणि दुसऱ्याच दिवशी गुंटूरला भर उजेडात तेजःशृंगे पाहून दाखवली. त्यांना हीलियमचे शोधक म्हणण्याची रीत रूढ असली, तरी तसा दावा त्यांच्या त्या वेळच्या वृत्तांतातून निघत नाही.

इंग्लंडमध्ये युद्धखात्यात कारकुनी करणारे नॉर्मन लॉकियर हीच पद्धत स्वतंत्रपणे शोधत होते. त्यांचा नवा वर्णपटदर्शक रखडत रखडत ऑक्टोबरमध्ये हाती आला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहणाशिवाय तेजःशृंगांच्या रेषा टिपल्या. पिवळी रेषा सोडियमच्या जोडीपासून अलग आहे हे त्यांनी निश्चित केले; पुढे तिला डी-३ म्हणू लागले. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासह प्रयोग करूनही ती प्रयोगशाळेत कोणत्याच ज्ञात वायूत सापडेना. लॉर्ड केल्व्हिन (तेव्हाचे विल्यम टॉमसन) यांनी १८७१ च्या भाषणात या अज्ञात मूलद्रव्याचे हीलियम हे नाव जाहीरपणे उच्चारले. विल्यम रॅम्से यांनी १८९५ मध्ये क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा पाहिली, तेव्हा सत्तावीस वर्षांची शंका फिटली. श्रेय एकाच नावावर टाकायचे झाल्यास लॉकियर यांच्याकडे ते अधिक न्याय्यपणे जाते. परंतु हर्शेल, पॉगसन आणि जान्सेन यांच्या नोंदी वगळून हा शोध सांगणे अपुरे ठरेल.

विजयदुर्गची परंपरा : हीलियमचा शोध लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असे कोकणात सर्रास सांगितले जाते. किल्ल्यावर दाखवले जाणारे ‘साहेबाचे ओटे’ हा त्याचा पुरावा मानतात आणि १८ ऑगस्टला तेथे कार्यक्रमही होतात. कालक्रम तपासता ही सांगड टिकत नाही. ऑगस्ट १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे हीलियम पृथ्वीवर सापडून गेल्यानंतर. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते. ओटे बहुधा याच मोहिमेतील उपकरणांसाठी बांधले असावेत. दोन्ही ग्रहणांचे पट्टे कोकणाच्या दक्षिण भागाजवळून गेल्यामुळे लोकस्मृतीत तीस वर्षांचे अंतर पुसले गेले असण्याचा संभव आहे. यामुळे विजयदुर्गचे महत्त्व उणावत नाही. १८९८ ची ती मोहीम स्वतःच मोठी होती आणि ओटे तिच्या आठवणीसाठी जपायला हवेत.

त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही जेऊरलाच होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून नायगमवालांनी पुण्यात उभारलेल्या वेधशाळेत २० इंची परावर्तक दुर्बीण होती. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ती दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील या मोहिमेकडे मराठीत फारच कमी लक्ष गेले आहे.

अडचणी व इतर मोहिमा : जान्सेन यांनी डिसेंबर १८७० मध्ये प्रशियन वेढ्यातील पॅरिसमधून बलूनने बाहेर पडून अल्जीरिया गाठले, पण ग्रहणाच्या वेळी आभाळ झाकलेले निघाले. १९१४ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार सूर्याजवळून जाणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, हे पाहायला क्रिमियात गेलेले जर्मन खगोलज्ञ फ्रॉइंडलिख महायुद्ध सुरू होताच रशियनांच्या कैदेत पडले. ते मापन अखेर २९ मे १९१९ रोजी प्रिन्सिपे (आफ्रिकेजवळचे बेट) आणि सोब्राल (ब्राझील) येथून झाले. तेव्हाच्या आकड्यांच्या अचूकतेवर पुढे चर्चा झाली असली, तरी नंतरच्या मापनांनी १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) ही अपेक्षित किंमत खरी ठरवली. १८६९ च्या ग्रहणात किरीटात दिसलेली हिरवी रेषा अज्ञात मूलद्रव्याची समजली गेली. ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची, अर्थात किरीट दहा लाख अंशांच्या घरात तप्त असल्याची खूण आहे, हे १९४० च्या सुमारास उलगडले. १९७३ मध्ये कॉन्कॉर्ड विमानाने आफ्रिकेवरून छायेचा पाठलाग करून ७४ मिनिटे खग्रास अवस्था अनुभवली.

सद्यःस्थिती : बेर्नार ल्यो यांच्या किरीटदर्शकानंतर (सूर्यबिंब कृत्रिमरीत्या झाकून किरीट दाखवणारी दुर्बीण) आणि अंतराळातील उपकरणांनंतर (उदा., २०२३ मध्ये सोडलेले आदित्य-एल१) मोहिमांवरचे अवलंबित्व घटले. सूर्यबिंबाला अगदी लागून असलेल्या किरीटाचे निरीक्षण मात्र आजही ग्रहणात सर्वांत सोयीचे पडते. भारतातून १९८०, १९९५, १९९९ आणि २००९ मध्ये खग्रास ग्रहणे दिसली. २००९ च्या वेळी पावसाळी ढगांनी अनेकांची निराशा केली. भारतीय भूमीला स्पर्श करणारा पुढचा खग्रास पट्टा २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाखच्या भागातून जाईल.