एसडीबी म्हणजे कायम तीच डिस्क? नाही हो!

लिनक्स सर्व्हरवर आयस्कझीचं (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) व्हॉल्यूम, म्हणजे स्टोरेजवरून मिळालेली डिस्क, एकदा एसडीबी (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) म्हणून दिसलं की ते कायम एसडीबीच राहणार, हे वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ते साफ चुकीचंय. कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्क जशी सापडेल तशी अक्षरं वाटतो, रीबूटनंतर कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते, आणि मल्टिपाथ (स्टोरेजपर्यंत एकाहून जास्त रस्ते) असेल तर २ रस्त्यांनी आलेलं एकच व्हॉल्यूम २ डिस्क म्हणून दिसतं (नवखा माणूस लगेच दुसरी फॉरमॅट करायला धावतो, अरे थांब!). म्हणून एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे माउंट करायची, म्हणजे जोडायची, त्याची यादी) यूयूआयडी (डिस्कवरच्या फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) टाका, सोबत अंडरस्कोर नेटडेव्ह (ही डिस्क नेटवर्कवरची आहे असं सांगणारा पर्याय), नाहीतर नेटवर्क यायच्या आधीच माउंट करायला जाऊन बूट अडकतं. फक्त स्टोरेजवरच्या स्नॅपशॉटचा (व्हॉल्यूमच्या एका क्षणाच्या प्रतीचा) यूयूआयडी मूळ व्हॉल्यूमचाच असतो, तिथे डब्ल्यूडब्ल्यूआयडी (स्टोरेजने प्रत्येक व्हॉल्यूमला दिलेला वेगळा ओळख क्रमांक) बघूनच हात लावा.